अनुभव धागा: आयर्लंडच्या बेटावर कड्याकड्याने चालण्याचा एक दिवस, आणि तुम्ही कुठून परत फिरलात?

मृगधारा (पुणे)

परवा राजमाचीला जायचे ठरले म्हणून माळ्यावरून जुने बूट काढले. तळव्याच्या खाचांमध्ये काळी, वाळून खडखडीत झालेली माती अडकलेली होती. नखाने उकरली तेव्हा लक्षात आले की ही सह्याद्रीची माती नव्हे. हिच्यात बारीक मुळांचे, शेवाळाचे तपकिरी तंतू आहेत. आयर्लंडमधल्या अ‍ॅकिल बेटावरचे ते पीट, म्हणजे दलदलीत अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची माती होती आणि ती अकरा वर्षे माझ्याच घरात, माझ्याच बुटांत बसून होती. तेवढ्यावरून हा धागा काढते आहे.

आम्ही तेव्हा गॉलवेला राहत होतो. २०१४ च्या मे महिन्यात एका शनिवारी मी आणि माझे यजमान अ‍ॅकिलच्या पश्चिम टोकाला, कीम नावाच्या किनाऱ्यावर गेलो. हे बेट मुख्य भूमीला पुलाने जोडलेले आहे, त्यामुळे होडीची भानगड नाही. रस्ता कड्याला खेटून वळणे घेत उतरतो आणि अर्धचंद्रासारख्या वाळूपाशी संपतो. तिथून गवताळ चढ चढून मॉयटीओग नावाच्या टोकावर गेलो. दुसऱ्या महायुद्धात आयर्लंड तटस्थ होता, पण किनारपट्टीवर ८३ ठिकाणी त्याने टेहळणीच्या चौक्या उभारल्या होत्या. त्यांपैकी एक सिमेंटची खोली अजून तिथे उभी आहे, खिडक्यांच्या जागी नुसती भोके. आत बसून आम्ही थर्मासमधला चहा प्यायलो.

तिथून पुढे बेनमोरची धार सुरू होते. डाव्या हाताला थेट समुद्र, उजव्या हाताला दरी, मध्ये मेंढ्यांनी खुरटलेले मऊ गवत. धारेचा माथा ३३२ मीटरचा आहे, म्हणजे आपल्या डोळ्यांना किरकोळच. पण ते मीटर समुद्रापासून सुरू होतात आणि तुम्हाला सगळे एकदम दिसतात. कुंपण नाही, कठडा नाही. खाली गाडी लावताना भेटलेल्या एका मेंढपाळाने सांगितले होते की वारा समुद्राकडून येत असेल तर फार तर टोपी जाईल, पण जमिनीकडून येऊ लागला तर कड्यापासून दहा पावले आत चाला. आम्ही हसून मान डोलावली होती.

धारेवरच्या तिसऱ्या उंचवट्यापाशी धुके आले. ते आले म्हणजे काय, तर पुढे चालणाऱ्या यजमानांची पाठ पुसट झाली आणि मग नाहीशी झाली. लाटांचा आवाज खालून येतच होता, परंतु खाली म्हणजे नेमके कुठे, हे कळेना. तेवढ्यात पाठीवर निळ्या रंगाचा फराटा मारलेली एक मेंढी माझ्यापासून दोन हातांवर धुक्यातून बाहेर आली, तिने माझ्याकडे पाहिले आणि ती उजवीकडे उतरून गेली. वारा त्याच क्षणी फिरला आणि उजव्या गालाला लागू लागला. मी यजमानांना हाक मारली आणि आम्ही मेंढीच्याच वाटेने दरीत उतरलो. उतरताना माझा एक पाय पोटरीपर्यंत दलदलीत गेला आणि बूट तिथेच राहतो की काय असे वाटले. अ‍ॅकिल हेड, म्हणजे बेटाचे ते शेवटचे टोक, आम्ही पाहिलेच नाही. पुन्हा जाण्याचा योग अजून आलेला नाही, आणि खरे सांगायचे तर त्याची रुखरुखही वाटत नाही.

तुमचेही अनुभव लिहा. अ‍ॅकिलच असले पाहिजे असे नाही, आयर्लंडचे कोणतेही खडबडीत बेट चालेल. फक्त किती चाललात यापेक्षा कुठून परत फिरलात, ते सांगा.

खलाशी_मालवणचा

पोळ्या लाटणे चालू आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. आम्ही मॉयटीओगच्या त्या सिमेंटच्या खोलीपासूनच परत फिरलो, कारण बरोबर नऊ वर्षांचा मुलगा होता आणि तो तिथून हलायलाच तयार नव्हता. खाली कीमच्या उपसागरात एक काळा त्रिकोणी पर सावकाश फिरत होता. ती बास्किंग शार्क होती, आमच्याकडच्या भाषेत सांगायचे तर मुशीची थोरली जाऊबाई. जगातला हा दुसऱ्या क्रमांकाचा मोठा मासा, पण खातो मात्र पाण्यात तरंगणारे बारीक जीव. याच उपसागरात १९४७ ते १९७५ या काळात या माशांची शिकार चालत असे. जाळे लावून, कातडी होड्यांच्या घाटाच्या हलक्या नावेतून भाल्याने मारत. सगळा खटाटोप यकृतातल्या तेलासाठी होता. २०२२ पासून आयर्लंडच्या कायद्याने या माशाला संरक्षण मिळाले आहे. मुलाने त्या दिवशी दीड तास दुर्बीण सोडली नाही आणि आम्हीही त्याला सोडवले नाही. एक पोळी करपली.

अक्षरशत्रू

धागा छान आहे. मी आजवर या बेटाचा उच्चार ‘अचिल’ असा करत होतो आणि गॉलवेच्या बसस्थानकावर तिकीट मागताना तसाच केला होता. खिडकीतल्या बाईंनी मला तीनदा विचारले आणि मग स्वतःच ‘अ‍ॅकिल’ म्हणून माझी सुटका केली. यापलीकडे माझ्याकडे अनुभव नाही, कारण तिथे पोहोचल्यावर दोन दिवस सलग पाऊस पडला आणि मी खोलीच्या दारातूनच परत फिरलो.

मृगधारा (पुणे)

अक्षरशत्रू, दारातून परत फिरणे हेही धाग्याच्या नियमात बसते.

ओवी_सातारकर

मी अनुभव लिहिते आहे तो माझ्या आईचा. २०१८ च्या ऑगस्टमध्ये ती माझ्याकडे डब्लिनला आली होती. वय अडुसष्ट, गुडघे बरे, आणि आयुष्य साताऱ्याजवळच्या शेतात गेलेले. कडेकपारी तिला दाखवण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी तिला अ‍ॅकिलवरच स्लीव्हमोर डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या ओसाड गावात नेले. डोंगराच्या दक्षिण उताराला हारीने ऐंशी ते शंभर घरांचे अवशेष आहेत. छपरे गेलेली, भिंती छातीपर्यंत उरलेल्या, प्रत्येक घर एका खोलीचे. खालून समुद्राचा वारा येत राहतो.

मी तिला माहितीचा फलक वाचून दाखवायला लागले, तर ती माझ्याजवळ नव्हतीच. ती घरांच्या खालच्या अंगाला उतरली होती आणि वाकून जमिनीवर तळहात फिरवत होती. तिथे गवताखाली लांबच लांब समांतर उंचवटे आहेत, उन्हे तिरपी असली की स्पष्ट दिसतात. तिने मला हाक मारली आणि म्हणाली, “अगं, ह्या सऱ्या आहेत. वरंबा बघ केवढा रुंद धरलाय. इथं पाणी साचत असणार म्हणून उंच केलाय. बटाटा नाहीतर रताळं.” फलकावर नेमके तेच लिहिले होते. बटाट्याचे वाफे. त्या लोकांच्या हाती कुदळीसारखे एक अवजार, खताला समुद्रातले शेवाळ, आणि खाण्यासाठी मुख्यतः हेच एक पीक. १८४५ पासून करपा रोगाने सलग बटाटा कुजला आणि पुढच्या चार-पाच वर्षांत आयर्लंडमध्ये दहा लाखांच्या आसपास माणसे उपासमारीने आणि रोगराईने गेली, साधारण तितकीच देश सोडून गेली. मी हे सांगितले. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, “शेवटचा बटाटा लावला तो काढला असेल का गं कुणी?”

मला उत्तर देता आले नाही. नंतर वाचले की या गावातली घरे दुष्काळानंतरही पुरती सुटली नव्हती. खालच्या किनाऱ्यावरच्या दुआ आणि पोला या वस्त्यांतली माणसे उन्हाळ्यात गुरे घेऊन इथे राहायला येत, थेट विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत. तिकडे याला ‘बूली’ म्हणतात. आईला फोनवर हे सांगितले तेव्हा ती म्हणाली की मग ठीक आहे, धनगर येतात तशी येत होती म्हणायची.

त्या दिवशी आम्ही डोंगर चढलो नाही, गावाच्या पश्चिम टोकापर्यंतसुद्धा गेलो नाही. आई पंधराव्या की सोळाव्या घरापाशी उंबऱ्यावर बसली आणि तिथूनच आम्ही परत फिरलो. उंबरा ओलांडून आत मात्र ती गेली नाही, दुसऱ्याच्या घरात असे न विचारता शिरायचे नसते म्हणाली.

खलाशी_मालवणचा

ओवीताई, वाचून हात थांबला. काकूंना नमस्कार सांगा.

टेकडीवरून

ओवी यांच्या लेखनानंतर हे लिहिणे बरे दिसत नाही, तरीही लिहितो. अ‍ॅकिलवर रस्त्याच्या कडेला, ओढ्याकाठी, पडक्या घरांच्या अंगणात अळूची पाने दिसतात. म्हणजे मला ती अळूचीच वाटली, फक्त आकाराने छत्रीएवढी. काही पाने तर दीड-दोन मीटर रुंद होती. मी त्यांच्याखाली उभा राहून फोटो काढला आणि सासूबाईंना पाठवला. त्यांचे उत्तर पाच मिनिटांत आले, की एका पानात सोसायटीच्या गणपतीच्या वड्या होतील, चिंच-गूळ किती लागेल तेवढे बघ. मी पान तोडायला हात घातला आणि देठाच्या काट्यांनी ओरखडे घेऊन परत फिरलो.

वनस्पतीवेडी

टेकडीवरून यांना काट्यांनी वाचवले, असे म्हणायला हवे. ती गनेरा नावाची वनस्पती आहे, लोक तिला राक्षसी रुबार्बही म्हणतात, परंतु तिचा अळूशी काही संबंध नाही आणि रुबार्बशीही नाही. ती मूळची दक्षिण अमेरिकेतली, चिलीकडची. शोभेसाठी आयर्लंडमध्ये आणली आणि ओलसर, उबदार हिवाळ्याचा पश्चिम किनारा तिला इतका मानवला की आता अ‍ॅकिलची सोडून दिलेली शेतेच्या शेते तिने व्यापली आहेत. एका झाडाला हंगामात लाखांनी बिया येतात आणि तिच्या छत्रीखाली दुसरे काही उगवत नाही. ती लावणे किंवा पसरवणे तिथे कायद्याने मना आहे. मी त्या बेटावर चालले तेव्हा समुद्राकडे फार कमी पाहिले. मे महिन्याच्या शेवटी कड्यांच्या खाचांत थ्रिफ्टची गुलाबी फुले येतात, मिठाच्या तुषारांना न जुमानणारी ती छोटी उशी पाहण्यासाठी मी पोटावर पडून सरकत होते. परत फिरले ते पाऊस बुटांत शिरला तेव्हा.

दगडू_नव्हे_खडकू

मी अ‍ॅकिलला गेलेलो नाही. माझा दिवस इनिश मोरचा, म्हणजे अ‍ॅरन बेटांपैकी सर्वांत मोठ्या बेटाचा. रोसाव्हील बंदरातून बोट पाऊण तासात पोहोचवते. धक्क्यावर उतरताच एकाने सायकल भाड्याने दिली. तिचा पुढचा ब्रेक नावापुरता होता, हे पहिल्या उतारावर कळले. मी ती एका दगडी कुंपणाला टेकवून ठेवली आणि उरलेला दिवस पायी काढला. त्या दुकानदाराचा तेव्हा राग आला होता, आज मी त्याचा आभारी आहे.

पायी चालल्यामुळे पायाखालचा दगड कळला. हे सगळे बेट सुमारे ३३ कोटी वर्षांपूर्वीच्या चुनखडीचे आहे. पावसाच्या पाण्याने चुनखडी विरघळते, म्हणून वरचा पृष्ठभाग घराच्या फरशीसारखा सपाट आणि मध्येमध्ये हातभर खोल, सरळ रेषेत गेलेल्या भेगा. त्या भेगांत वाकून पाहिले तर आत नेचे वाढलेले असते. वर वाऱ्याने झाड उभे राहत नाही आणि आत मात्र विहिरीच्या कपारीसारखी ओल. फरशीवर कुठेकुठे गुलाबी ग्रॅनाइटचे गोटे एकटेच पडलेले दिसतात. ते तिथले नाहीत, हिमयुगात बर्फाने मुख्य भूमीवरच्या कॉनेमारा भागातून वाहून आणलेले आहेत. आणि शेते! कोपरापासून बोटापर्यंत लांबीच्या दगडांची, चुना-माती न वापरता रचलेली कुंपणे, तीही इतकी की एकेका शेताचा आकार आपल्या वाड्यातल्या चौकाएवढा. बेटावर माती फारशी नव्हतीच. लोकांनी वाळू आणि समुद्रशेवाळ पाठीवरून आणून खडकावर पसरले आणि वर्षानुवर्षांनी शेत तयार केले. मी शेतात पाऊल टाकताना बूट पुसावेत की काय, या विचारात पडलो.

सगळे पर्यटक जातात तो किल्ला डून एंगस, समुद्राच्या बाजूने तुटलेल्या अर्धवर्तुळांचा, जवळपास नव्वद मीटर उंच कड्याच्या थेट काठावर. त्याची सुरुवात ख्रिस्तपूर्व ११०० च्या सुमारास झाली असे सांगतात. बाहेरच्या तटापुढे टोकदार दगड दाटीने उभे रोवलेले आहेत. चाल करून येणाऱ्याने पळत येऊ नये म्हणून केलेली ही सोय आजही काम करते, कारण मीही तिथे मान खाली घालून एकेक पाऊल टाकत होतो. काठाला कठडा नाही. लोक पोटावर झोपून डोके बाहेर काढत होते, मीही काढले. खाली पाहताना पोटातला चहा घशाशी आला, तेव्हा सरकत मागे आलो.

पण माझा परत फिरण्याचा क्षण दुसराच आहे. दुपारी मी डून डूखाहिर या काळ्या किल्ल्याकडे गेलो. तिकडे वाट अशी नाहीच, फरशीवरून भेगा ओलांडत जायचे. कड्याच्या माथ्यावर, समुद्रापासून वीस-पंचवीस मीटर उंचीवर, मोटारीएवढ्या शिळांचा बांध घातल्यासारखा ढीग होता. मला वाटले, किल्ल्याचाच भाग असेल. बोटीतल्या एका वृद्ध गृहस्थांनी संध्याकाळी सांगितले की तो कोणी रचलेला नाही. हिवाळ्यातल्या वादळी लाटाच कड्याचे थर उचकटतात आणि वर आणून टाकतात. दुपारी मी त्यांतल्याच एका शिळेला टेकून चिवडा खात होतो. हे आधी कळले असते तर अर्धा तास आधीच परत फिरलो असतो.

शेगडी

गोवरीच्या धुराचा वास आठवतो का कुणाला? पीट वाळवून जाळतात, तिकडे त्याला टर्फ म्हणतात, आणि त्याच्या धुराचा वास गोवरीच्या फार जवळ जातो. अ‍ॅकिलवर दिवसभर चालून मी ओली होऊन एका पबमध्ये शिरले आणि त्या वासाने मला एकदम आजोळच्या न्हाणीघरात नेऊन सोडले. सूप मागवले होते, ते निवून गेले. किती चालले होते ते मात्र आज काही केल्या आठवत नाही.

नोंदवहीकार

मृगधारा यांनी ज्या दरीत उतरल्याचे लिहिले आहे, तिच्यात एका घराचे पडके अवशेष आहेत, ते त्यांनी पाहिले असतील. ते घर चार्ल्स बॉयकॉट यांचे. १८५० च्या दशकात ते अ‍ॅकिलला आले, आधी कीमला आणि नंतर दुआजवळ राहिले आणि १८७३ मध्ये त्याच मेयो परगण्यात लॉक मास्क सरोवराच्या काठी एका जमीनदाराचे कारभारी म्हणून गेले. तिथे १८८० मध्ये कुळांनी आणि मजुरांनी त्यांच्यावर संपूर्ण असहकार पुकारला आणि त्यांचे आडनाव इंग्रजीत क्रियापद झाले. त्या चळवळीचे एक नेते मायकेल डेव्हिट यांच्याच नावाचा पूल ओलांडून आपण अ‍ॅकिलवर पाऊल ठेवतो. टिळकांच्या चतुःसूत्रीतला बहिष्कार अशा रीतीने त्या ओसाड दरीतून आला, हा विचार करत मी तिथे बराच वेळ बसलो होतो.

वाळीतला

नोंदवहीकारांचा आदर राखून एक दुरुस्ती सुचवतो. बहिष्कार हा शब्द आपल्याकडे त्या गृहस्थांच्या पणजोबांच्याही आधीपासून आहे. जातपंचायती माणसाला वाळीत टाकत होत्याच. मालावर आणि सरकारवर बहिष्कार घालण्याची राजकीय कल्पना घेताना आयर्लंडचे उदाहरण पुढे होते, इतके म्हणता येईल. फरक असा की तिकडे दुबळ्यांनी बलवानाला वाळीत टाकले, आपल्याकडे बहुधा उलटे होत असे.

नोंदवहीकार

दुरुस्ती मान्य. दरीत बसल्यावर माणूस थोडा वाहवत जातो. मी परत फिरलो ते डासांहून बारीक अशा चिलटांच्या झुंडीमुळे, हे लिहायचे राहिले होते. वारा पडला की ती उठतात.

रेवसबंदर

किल्डॅव्हनेटचा उल्लेख कुणी केला नाही म्हणून लिहितो. अ‍ॅकिलच्या दक्षिण टोकाकडे, अटलांटिक ड्राइव्ह म्हणतात त्या किनारी रस्त्यावर, ग्रॅन्यूएल या समुद्रावर हुकमत गाजवणाऱ्या सोळाव्या शतकातल्या सरदारणीचा म्हणून ओळखला जाणारा एक चौकोनी बुरूज आहे. मी त्यासाठी चालत गेलो होतो. बुरूज पाहून झाला आणि शेजारच्या दफनभूमीत सहज शिरलो.

तिथे दोन सामुदायिक स्मारके आहेत. पहिले १८९४ चे. अ‍ॅकिलची तरुण मुले-मुली दर उन्हाळ्यात स्कॉटलंडला बटाटे काढण्याच्या मजुरीला जात. १४ जून १८९४ रोजी ती शिडाच्या होडीतून वेस्टपोर्ट बंदराकडे निघाली होती, तिथून आगबोट धरायची होती. आगबोट नजरेस पडताच ती पाहण्यासाठी सगळी एका बाजूला धावली, होडी कलली आणि ३२ जण बुडाले. अ‍ॅकिलचा लोहमार्ग तेव्हा पुरता तयारही झालेला नव्हता. त्याच्यावरून खास गाडी सोडून प्रेते आणली. दुसरे स्मारक १९३७ चे. स्कॉटलंडमध्ये कर्किनटिलॉक येथे बटाटे काढणारे अ‍ॅकिलचे दहा मुलगे झोपले होते त्या झोपडीला आग लागली आणि दहाही जण गेले. सर्वांत धाकटा तेरा वर्षांचा होता. त्यांना घेऊन गाडी आली तेव्हा तो लोहमार्ग बंद होण्याच्या बेतात होता, त्याच महिन्याअखेर तो बंद झाला. तिथे अशी आख्यायिका सांगतात की सतराव्या शतकातल्या एका द्रष्ट्याने लोखंडी चाकांच्या गाड्या पहिल्या आणि शेवटच्या फेरीत प्रेते आणतील, असे सांगून ठेवले होते. आख्यायिकेचे राहू द्या. आज त्याच लोहमार्गाच्या जागी ४२ किलोमीटरची सायकलवाट आहे आणि तिच्यावरून लोक हसतखेळत जातात.

माझे गाव रेवसच्या बाजूचे. १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येच्या दिवशी, मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली. सहाशेच्या वर माणसे गेली. आमच्या आजीचा थोरला भाऊ त्यात होता. वादळी लाटेने बोट कलली, तेव्हा माणसे एका बाजूला धावली, असे आजी सांगायची. १८९४ च्या त्या दगडापुढे मी उभा होतो आणि ‘एका बाजूला धावली’ एवढेच शब्द मला आजीच्या आवाजात ऐकू येत होते. पुढचा रस्ता फार देखणा आहे म्हणतात. मी तिथूनच मागे वळलो आणि येताना समुद्राच्या बाजूने न चालता रस्त्याच्या दुसऱ्या अंगाने चाललो.

शेगडी

रेवसबंदर, आमच्या शेजारच्या घरातूनही त्या बोटीवर दोघे होते. आईकडून ऐकले आहे. सविस्तर नंतर लिहीन, कुकरची शिट्टी झाली.

होडीचुकली

वातावरण जरा हलके करते. क्लेअर आयलंड हे ग्रॅन्यूएलचे खरे ठाणे, रूनाच्या धक्क्यावरून बोटीने वीसेक मिनिटांवर. नॉकमोर हा तिथला ४६२ मीटरचा डोंगर, वायव्येला थेट समुद्रात कोसळणारा. मी माथ्यापर्यंत गेले, दीपगृहाकडे जाणारी कड्याची वाट धरली आणि शेवटची बोट संध्याकाळी साडेसहाला आहे या समजुतीत निवांत चालले. ती साडेपाचला होती. धक्क्यावर पोहोचले तेव्हा बोट पाव मैलावर होती आणि तिच्यावरचे एक लहान मूल मला हात हलवून निरोप देत होते. त्यामुळे या धाग्याच्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की मी परत फिरले ते दुसऱ्या दिवशी सकाळी.

प्रश्नांकित

गाडी नसताना अ‍ॅकिलला जाता येते का? आणि सहा वर्षांच्या मुलीला घेऊन बेनमोरच्या धारेवर जावे का? कृपया अनुभवींनी सांगावे, तिकीट या आठवड्यात काढायचे आहे.

मृगधारा (पुणे)

वेस्टपोर्टपर्यंत डब्लिनहून थेट रेल्वे आहे आणि पुढे बस अ‍ॅकिलवर दुआपर्यंत जाते. दुआपासून कीम जवळपास पाच किलोमीटर, चढउताराचा अरुंद रस्ता आहे, मुलीला घेऊन पायी जाऊ नका. धारेवर सहा वर्षांच्या मुलीला मुळीच नेऊ नका, खलाशीदादांनी केले तसे टेहळणीच्या खोलीपर्यंत जाऊन या, तोही चढ तिला पुरेसा आहे. आदल्या रात्री आयरिश हवामान खात्याचा इशारा पाहा. पिवळा जरी असला तरी कड्यावर जाऊ नका. अडचण आलीच तर ११२ लावून तटरक्षक दल मागायचे.

टेकडीवरून

आणि अळू तोडू नका.

भरतीओहोटी

दुआचे नाव निघालेच आहे म्हणून. २०१७ च्या उन्हाळ्यात आम्ही तिथे गेलो तेव्हा गावात वेगळाच उत्साह होता. १९८४ च्या वादळांत वाहून गेलेली वाळू त्या एप्रिलमध्ये काही दिवसांत परत आली होती. तेहतीस वर्षे जिथे नुसते खडक होते, तिथे तीनशे मीटर लांबीचा पिवळा किनारा तयार झाला होता. माझ्या बायकोने चपला हातात घेतल्या आणि आम्ही या टोकापासून त्या टोकापर्यंत अनवाणी चाललो. एक आजी नातवाला सांगत होत्या की मी तुझ्याएवढी असताना इथेच खेळत असे, आणि नातवाचा विश्वास बसत नव्हता. २०१९ च्या मार्चमध्ये पुन्हा गेलो. जानेवारीतल्या वादळाने वाळू परत नेलेली होती. रस्त्याच्या कडेला उभे राहिलो तर खाली फक्त गोटे होते आणि प्रत्येक लाट मागे हटताना ते एकमेकांवर घरंगळत होते, जात्यात ज्वारी घातल्यासारखा आवाज. बायकोने चपला काढल्याच नाहीत.

वनस्पतीवेडी

मृगधारा, बुटातल्या त्या मातीचे काय केलेत? तुळशीच्या कुंडीत टाकली नसेल तर टाकू नका, पीट आम्लधर्मी असते. शिवाय परदेशातली माती अशी घरी आणायची नसते, हे मी बोलले नाही असे समजा.

मृगधारा (पुणे)

तुम्ही बोलला नाहीत आणि मी ऐकले नाही. माती कागदाच्या पुडीत बांधून कपाटात ठेवली आहे. राजमाचीला नवे बूट घालून गेले आणि ते चावले, म्हणून उधेवाडीपासूनच परत फिरले.